राजवाड्याशेजारचं घड्याळ

संपादक मंडळाचा निरोप आला की शाळेच्या आठवणी भरपूर जमल्या आहेत, आता ज्याने त्याने आपल्या आवडीच्या विषयावर लिहावं. माझ्या कामाचा मोठा भाग घड्याळांशी झगडण्यात गेला आहे. ही घड्याळं संगणकातली. जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत चालणाऱ्या यंत्रांनी एका क्षणाला एकच नाव कसं द्यायचं, ही वरवर पोरकट वाटणारी अडचण सोडवण्यात माझी वीसेक वर्षं गेली. त्यामुळे कामानिमित्त इस्तंबूलला जाणं झालं तेव्हा आया सोफिया पाहिलं, निळी मशीद पाहिली, पण डोक्यात राहिला तो दोल्माबाह्चे राजवाड्याच्या दारातला घड्याळाचा मनोरा. हा लेख त्याच्याविषयी आहे.

शहरातली ट्राम कबाताश या शेवटच्या स्थानकावर सोडते. तिथून बोस्फरसचं पाणी उजव्या हाताला ठेवून पाच-दहा मिनिटं चाललं की आधी पाण्याला लागून असलेली मशीद येते, मग मोकळा चौक, चौकात मनोरा, आणि त्याच्या पलीकडे राजवाड्याचं खजिन्याचं दार. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला फुटबॉलचं मोठं स्टेडियम आहे. तिथे पूर्वी राजवाड्याची पागा होती. मनोरा २७ मीटर उंचीचा, चार मजली, चौकोनी, वर निमुळता होत जाणारा, पांढरट दगडात केकवरच्या नक्षीसारखं कोरीवकाम. मुंबईच्या राजाबाई टॉवरच्या तुलनेत ठेंगणाच. पण मशीद, मनोरा आणि राजवाडा हे तिघे ज्या क्रमाने उभे आहेत, तो क्रम समजला की इस्तंबूलचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास हाती लागतो.

आधी राजवाडा. दोल्माबाह्चे या नावाचा अर्थ 'भरून केलेली बाग'. इथे बोस्फरसची छोटी खाडी होती, नौदलाची जहाजं तिच्यात नांगर टाकत. सतराव्या शतकात ती भर घालून बुजवली आणि तिथे सुलतानांची बाग झाली. सुलतान अब्दुलमजीद पहिला याला जुना तोपकापी राजवाडा कालबाह्य वाटू लागला. युरोपातल्या राजांसारखं आपणही राहावं, म्हणून त्याने १८४३ मध्ये इथे नवा राजवाडा बांधायला घेतला. तो १८५६ मध्ये पुरा झाला. बांधणारे गाराबेत बाल्यान आणि त्याचा मुलगा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सुलतानांच्या इमारती उभारणारं आर्मेनियन घराणं. २८५ खोल्या, ४६ दालनं, ६ हमामखाने. खर्च ५० लाख सोन्याच्या नाण्यांचा, म्हणजे सुमारे ३५ टन सोनं. छताच्या मुलाम्यालाच १४ टन लागलं असं सांगतात.

हा आकडा ऐकून मला पहिला प्रश्न पडला तो पैशांचा. पैसे आले कुठून? तिजोरीत पुरेसे नव्हतेच. राजवाड्याचं काम चालू असतानाच क्रिमियाचं युद्ध पेटलं आणि १८५४ मध्ये उस्मानी साम्राज्याने आपलं पहिलं परदेशी कर्ज काढलं. मग दुसरं, तिसरं. १८७५ मध्ये सरकारने जाहीर केलं की हप्ते पूर्ण फेडणं शक्य नाही. १८८१ मध्ये युरोपीय सावकारांच्या प्रतिनिधींचं एक कार्यालय इस्तंबुलातच स्थापन झालं. मीठ, तंबाखू, मद्य, रेशीम यांवरचा महसूल ते थेट वसूल करू लागलं. एकट्या राजवाड्याने साम्राज्य बुडालं असं म्हणणं अन्याय होईल; युद्धांनी त्याहून जास्त खाल्लं. पण ज्याच्या दारात सावकार बसलेत त्याचा दिवाणखाना कसा असतो हे पाहायचं असेल तर दोल्माबाह्चेसारखी दुसरी जागा नाही. जाता जाता सांगते, त्या कर्जवसुली कार्यालयाच्या भव्य इमारतीत १९३३ पासून एक शाळा भरते, आणि ती शहरातल्या नावाजलेल्या शाळांपैकी एक आहे. सावकारीच्या इमारतीचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचला नसता.

समारंभाच्या दालनात साडेचार टनांचं, ७५० दिव्यांचं एक झुंबर आहे. हे झुंबर इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने भेट दिलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. पुढे २००६ मध्ये त्याची पावती सापडली. सुलतानाने ते पूर्ण पैसे मोजून विकत घेतलं होतं! आत फोटो काढू देत नाहीत, तेव्हा ते डोळ्यांतच साठवावं लागतं.

आता मनोरा. तो राजवाड्याबरोबरचा नाही. अब्दुलहमीद दुसरा १८७६ मध्ये गादीवर आला आणि थोड्याच काळात टेकडीवरच्या यिल्दिझ राजवाड्यात राहायला गेला. पाण्याकाठचं दोल्माबाह्चे त्याला असुरक्षित वाटे. स्वतः राहत नसलेल्या राजवाड्याच्या दारात त्याने १८९० ते १८९५ या काळात हा मनोरा बांधवला. वास्तुरचना सार्किस बाल्यानची, म्हणजे त्याच घराण्याची पुढची पिढी. घड्याळाचं यंत्र पॅरिसच्या पॉल गार्नियेच्या कारखान्यातलं, आणि ते बसवलं दरबारचा घड्याळजी योहान मायर याने. मनोऱ्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवर सुलतानाचा तुघ्रा, म्हणजे वळणदार अक्षरांतलं शिक्कामोर्तब, कोरलेला आहे. १९७९ मध्ये त्या यंत्राचा काही भाग विजेवर चालणारा करण्यात आला.

आर्मेनियन वास्तुकार, फ्रेंच यंत्र, जर्मन नावाचा घड्याळजी आणि तुर्की सुलतानाची सही. साम्राज्य कसं चालत होतं याचा एवढा आटोपशीर नमुना शोधून सापडायचा नाही. मला मात्र खरा प्रश्न वेगळाच पडला. हे घड्याळ बसलं तेव्हा या शहरात 'किती वाजले?' याला एक उत्तर नव्हतं.

उस्मानी लोकांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होई. सूर्य बुडाला की बारा वाजले, रोज. तिथून बारा तासांच्या दोन फेऱ्या, आणि दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताला घड्याळ पुन्हा बारावर आणायचं. सूर्यास्त रोज एक-दोन मिनिटं सरकतो, म्हणून घड्याळही रोज लावावं लागे. या वेळेला 'अलातुर्का', म्हणजे तुर्की पद्धतीची वेळ म्हणत. मध्यरात्रीपासून मोजायच्या युरोपीय वेळेला 'अलाफ्रांगा'. मी हॉटेलवर परतल्यावर हिशेब करून पाहिला. अलातुर्का घड्याळात ऐन मध्यान्हीला उन्हाळ्यात साधारण साडेचार वाजलेले असतील आणि हिवाळ्यात साडेसात. आपल्याला हे वेडेपणाचं वाटतं. पण त्या घड्याळाकडे पाहून एक गोष्ट ताबडतोब कळायची, जी आपल्या घड्याळात कधीच दिसत नाही: अंधार पडायला अजून किती अवकाश आहे. दहा वाजले म्हणजे दोन तास उजेड उरला, मग महिना कोणताही असो. दुकान आवरायचं, होडी किनाऱ्याला लावायची, घर गाठायचं, संध्याकाळची नमाज पढायची, रोजा सोडायचा, सगळं त्या बाराला बांधलेलं.

हे घड्याळ बरोबर लावणारे लोक असत. मोठ्या मशिदींच्या आवारात एक छोटी खोली असायची, तिला मुवक्कितखाना म्हणत, आणि तिथे बसणाऱ्या वेळ सांगणाऱ्याला मुवक्कित. त्याला खगोलाचं गणित येई. सूर्याची उंची मोजून तो नमाजांच्या वेळा काढायचा. पुढे खिडकीत घड्याळं आली आणि रस्त्याने जाणारे लोक त्यांवरून आपापली खिशातली घड्याळं लावून घेऊ लागले. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक मोहल्ल्याचा एक टाइम सर्व्हर! माझ्या टीममधल्या मुलांना ही उपमा फार आवडली. राजवाड्याच्या आवारात घड्याळांचं एक संग्रहालय आहे, त्यात मेव्हलेवी सूफी पंथातल्या कारागिरांनी बनवलेली घड्याळंही आहेत. ती पाहिली की घड्याळ ही तुर्कांना युरोपने शिकवलेली वस्तू होती हा समज गळून पडतो. यंत्र त्यांच्याकडे आधीपासून होतं, मोजायचा आरंभबिंदू तेवढा वेगळा होता.

आपल्याकडेही वेगळं काय होतं? आपला दिवस सूर्योदयाला सुरू होई, त्याच्या ६० घटका, प्रत्येक घटका २४ मिनिटांची. पाण्याने भरलेल्या घंगाळात भोक पाडलेली तांब्याची वाटी सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका. 'घटका भरली' हा शब्दप्रयोग त्या वाटीतूनच आला. घटका मोजून झाल्या की काशाच्या ज्या थाळीवर टोला देत तिला 'तास' म्हणत, फारसीतून आलेला शब्द. आपल्या शाळेत व्हरांड्याच्या कडीला टांगलेली ती जाड पितळी थाळी आठवते? शिपाईमामा हातोडीने टोला द्यायचे आणि आपण म्हणायचो, 'तास संपला'. किती जुना शब्द आपण किती नेमकेपणाने वापरत होतो! माझी आजी तर दिवस कासराभर वर आला, एवढ्यावर सकाळची कामं आखायची. आणि गोरज मुहूर्त, म्हणजे गाई घरी परतताना धूळ उडते ती वेळ, हा अलातुर्काचा सख्खा भाऊच की.

ही पद्धत मोडली कशाने? धर्माने नाही, कवींनीही नाही. आगगाडी आणि तारायंत्र यांनी मोडली. सूर्यास्त प्रत्येक गावी वेगळ्या क्षणी होतो. पायी किंवा घोड्यावरून जाणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, एकेरी रुळावरून समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांना मात्र जिवाचा फरक पडतो. बोस्फरसवरच्या प्रवासी बोटींची वेळापत्रकं अलातुर्कात छापलेली असत आणि ऋतूंप्रमाणे बदलावी लागत. तारखातं आणि परदेशी पेढ्या युरोपीय वेळेवर चालत. पंचांगांत शेजारी शेजारी दोन्ही वेळा छापत. श्रीमंतांच्या खिशात दोन तबकड्यांची घड्याळंही असत, एक तुर्की वेळेची, दुसरी युरोपीय.

अशा शहरात सुलतान राजवाड्याच्या दारात, मशिदीच्या शेजारी, भर चौकात घड्याळ उभारतो याचा अर्थ काय? वेळ विचारायला आजवर मशिदीच्या खिडकीपाशी जाणारा माणूस आता मान वर करून सुलतानाच्या सहीखालून वेळ घेऊ लागला. एकट्या इस्तंबुलात नाही. १९०० मध्ये त्याच्या राज्यारोहणाला २५ वर्षं झाली, त्याच्या आगेमागे साम्राज्यभर मनोरे उभे राहिले. इझमीरला १९०१ मध्ये, याफाला १९०३ मध्ये, अक्काला १९०६ मध्ये, जेरुसलेमच्या याफा दरवाजावर १९०८ मध्ये. रस्ते, दवाखाने अपुरे असलेल्या गावांनाही घड्याळ मिळालं. कर्जाने पिचलेलं सरकार दूरच्या प्रांतात 'आम्ही आहोत' हे सांगायला याहून स्वस्त काय उभारू शकणार होतं? पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, सुलतानाला पदच्युत केलं गेलं. जेरुसलेमचा मनोरा तर जेमतेम १४ वर्षं टिकला. नवे राज्यकर्ते ब्रिटिश. त्यांना तो प्राचीन तटबंदीवर विजोड दिसला आणि त्यांनी १९२२ मध्ये तो उतरवला. राज्य बदललं की घड्याळ उतरतं.

१९२२ मध्ये सुलतानशाही संपली, ३ मार्च १९२४ रोजी खिलाफतही. शेवटचा खलिफा अब्दुलमजीद दुसरा याला त्याच रात्री कुटुंबासह दोल्माबाह्चेतून बाहेर काढून देशाबाहेर रवाना करण्यात आलं. इथे आपल्या गावाचा एक धागा लागतो. या खलिफाची मुलगी दुर्रुशेहवार १९३१ मध्ये फ्रान्समधल्या नीस इथे हैदराबादच्या निजामाच्या थोरल्या मुलाची बायको झाली. आपलं तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, त्या वेळी निजामाच्याच राज्यात होतं. म्हणजे आपल्या आजोबांच्या राज्याची सून या राजवाड्यातून आलेली. शहागंजातलं निजामकालीन घड्याळ आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, आपल्या लहानपणी ते बहुतेक बंदच असायचं. पण भर बाजारात घड्याळाचा मनोरा उभारायची हौस दोन्हीकडच्या राज्यकर्त्यांना एकाच काळात होती हे तिथे गेल्यावर लक्षात येतं.

मुस्तफा कमाल यांच्या नव्या प्रजासत्ताकाने वेळेचा निकाल एका कायद्यात लावला. डिसेंबर १९२५ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १९२६ पासून दिवस मध्यरात्री सुरू होऊ लागला, २४ तासांचा. त्याच दिवसापासून ग्रेगरियन कालगणनाही आली. पुढे १९२८ मध्ये आकडे आणि लिपी बदलली, १९३५ मध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची रविवारी गेली. दहा वर्षांत एका माणसाच्या आयुष्यातला दिवस, वर्ष, अक्षर आणि सुट्टी असं सगळंच बदललं. १९२७ मध्ये सार्वजनिक इमारतींवरचे तुघ्रे काढण्याचा कायदा झाला, अनेक ठिकाणी ते झाकले किंवा खरवडले गेले. घड्याळाच्या मनोऱ्यावर आज ते दिसतात. या सगळ्या उलथापालथीवर अहमद हमदी तानपिनार या तुर्की लेखकाने एक कादंबरी लिहिली, देशातली घड्याळं जुळवून देणाऱ्या एका सरकारी संस्थेची. 'टाइम रेग्युलेशन इन्स्टिट्यूट' या नावाने ती इंग्रजीत मिळते. सरकारी कचेरीत किंवा मोठ्या कंपनीत नोकरी केलेल्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे.

अभियंता म्हणून मला या कायद्याला नावं ठेवता येत नाहीत. एक वेळ नसेल तर गाड्या धडकतात. पण ती वेळ लोकांच्या गळी कशी उतरवली जाते, यात सगळी गंमत आणि सगळा त्रास आहे. मुंबईचं उदाहरण घ्या. १८८१ मध्ये सर जेम्स फर्ग्युसन या गव्हर्नराने मुंबईवर रेल्वेची मद्रास वेळ लादून पाहिली. स्थानिक वेळेपेक्षा ती जवळजवळ अर्धा तास पुढे. इतका विरोध झाला की दोन वर्षांत माघार घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाण वेळ आली तेव्हा फिरोजशहा मेहतांसारखी मंडळी विरोधात उभी राहिली. त्याच जानेवारीत गिरणी कामगारांनी काम थांबवून दगडफेक केली. त्यांचं म्हणणं साधं होतं: घड्याळ ३९ मिनिटं पुढे नेलं म्हणजे आम्हाला ३९ मिनिटं आधी, अंधारात, घराबाहेर काढलं. मुंबई महापालिकेची घड्याळं त्यानंतरही 'मुंबई वेळ' दाखवत राहिली, थेट १९५५ पर्यंत. स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं झाली तरी! राजाबाई टॉवर ज्यांच्या नावाने उभा आहे त्या प्रेमचंद रायचंद यांच्या आईची गोष्ट सांगतात, की त्या जैन होत्या, दृष्टी गेलेली, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावं म्हणून त्यांना त्या घंटेचा आधार होता. गोष्ट शब्दशः खरी असो नसो, मुंबईतलं सर्वांत इंग्रजी थाटाचं घड्याळ लोकांनी आपल्या सूर्यास्ताशी जोडून घेतलं हे खरं.

भूगोलाच्या तासाला सरांनी आपल्याकडून घोकून घेतलेलं साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्त आठवा. मिर्झापूरजवळून जाणारं. आपलं गाव साधारण सव्वापंचाहत्तर अंशावर. फरक सात अंशांहून थोडा जास्त, अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्या गावातला सूर्य आपल्या घड्याळाच्या जवळजवळ अर्धा तास मागे आहे. शाळेत हे गणित सोडवून पाच गुण घेतले, पण सूर्य खरंच मागे आहे असं कधी मनात आलं नव्हतं. स्थानिक वेळ आपल्याकडे मेलीही नाही. संकष्टीला कालनिर्णय उघडून आपण आपल्या शहरापुढचा चंद्रोदय पाहतो, मुंबईचा चालत नाही. रमजानमध्ये आपल्या वर्गमित्रांच्या घरी भिंतीवर लागलेलं इफ्तारचं वेळापत्रकही आपल्या गावापुरतंच असायचं.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर २०१५ ची गोष्ट सांगते. तुर्कस्तानात तेव्हा हिवाळ्यात घड्याळ एक तास मागे घेत. त्या वर्षी ते २५ ऑक्टोबरला व्हायचं होतं. १ नोव्हेंबरला निवडणूक होती, म्हणून सरकारने तो बदल दोन आठवडे पुढे, ८ नोव्हेंबरवर ढकलला. माणसांना कळलं, यंत्रांना कळलं नाही. जगातल्या बहुतेक संगणकांत आणि फोनांत टाइमझोनचा एकच सामाईक तक्ता असतो, स्वयंसेवक तो सांभाळतात, आणि नवा तक्ता प्रत्येक यंत्रापर्यंत पोचायला वेळ लागतो. २५ तारखेच्या सकाळी कित्येक फोन आपोआप एक तास मागे गेले. समाजमाध्यमांवर लाखोंचं शहर एकमेकांना विचारत होतं, खरे किती वाजले? आमच्या टीमचे काही ग्राहक तिकडचे होते. त्या आठवड्यात आम्ही जे काम केलं ते मुवक्कितचंच होतं, फक्त खिडकीपाशी उभं राहून विचारणारे लोक दिसत नव्हते.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, सरकारने घड्याळ मागे घेणंच बंद केलं. वीज वाचेल असं कारण दिलं. आता वर्षभर तीन तास पुढे. ती वेळ ४५ अंश रेखावृत्ताची, म्हणजे देशाच्या पार पूर्व टोकाची. इस्तंबूल २९ अंशांवर आहे. त्यामुळे तिथे सूर्य माथ्यावर येतो दुपारी एकच्या सुमाराला, आणि डिसेंबरअखेर सूर्योदय होतो सकाळी साडेआठच्या आसपास. मुलं रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात शाळेला जातात, पहिला तास खिडकीबाहेर काळोख असताना भरतो. पालकांनी आणि शिक्षकांनी पुष्कळ तक्रारी केल्या, निर्णय कायम आहे. आपल्याकडे याचं उलट टोक आसाममध्ये आहे: तिथे सूर्य फार लवकर उगवतो, म्हणून चहाच्या मळ्यांत अजून एक तास पुढची 'बागान वेळ' पाळतात. सूर्याशी जुळवून घेण्याची मुभा मळेवाल्यांना मिळाली, इस्तंबूलच्या शाळकरी पोरांना नाही.

राजवाड्यातली शेवटची गोष्ट एका खोलीची. प्रजासत्ताक झाल्यावर मुस्तफा कमाल अतातुर्क इस्तंबुलात आले की इथे उतरत. १० नोव्हेंबर १९३८ रोजी सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी ते इथेच वारले. पलंगावर तुर्की झेंड्याची चादर आहे आणि खोलीतलं घड्याळ ९:०५ वर थांबवलेलं आहे. एके काळी राजवाड्यातली सगळी घड्याळं याच वेळेवर थांबवून ठेवलेली असत, आता एवढंच. दर १० नोव्हेंबरला ९:०५ वाजता देशभर भोंगे वाजतात. बोस्फरसच्या पुलावरच्या गाड्या जागच्या जागी थांबतात, माणसं उतरून दाराशी उभी राहतात.

त्या खोलीत उभी असताना सवयीने माझ्या डोक्यात वजाबाकी सुरू झाली. १९३८ च्या नोव्हेंबरात तुर्कस्तान ग्रीनिचच्या दोन तास पुढे होतं. आज तीन तास पुढे आहे. म्हणजे ते गेले तो क्षण आजच्या घड्याळात १०:०५ चा. २०१६ पासून सारा देश एक तास आधी उभा राहतो आहे. माझ्या प्रणालीत अशी नोंद कोणी केली तर मी ती चूक म्हणून परत पाठवीन. इथे मात्र कोणी ती दुरुस्त करणार नाही, करूही नये. सूर्य कुठे होता हे त्यांना लक्षात ठेवायचं नव्हतंच. त्यांनी लक्षात ठेवला आहे तो तबकडीवरचा आकडा, आणि ती तबकडी बाराच वर्षांपूर्वी त्याच माणसाने त्यांच्या हातात दिली होती.

आपल्यापैकी कोणी जाणार असाल तर राजवाडा सोमवारी बंद असतो. आतल्या तिकिटासाठी रांग लांब असते, सकाळी लवकर जा. मनोरा पाहायला तिकीट लागत नाही. तो संध्याकाळी पाहा, पाण्याकडे पाठ करून, शेजारच्या मशिदीतून अजान सुरू होईल तेव्हा. जुन्या घड्याळात त्या वेळी बारा वाजले असते. आत्ता किती वाजलेत ते वर बघून मला कळवा. महिना सांगितलात तर तारीख मी काढून देईन.